हॉटेलांचे आकडे जमतात कसे आणि अंदाज बांधतात कसा: ऑक्युपन्सीपासून रेव्हपारपर्यंत

रात्रीचे दोन वाजलेत. शेवटचा पाहुणा चेक-इन करून खोलीत गेलाय आणि फ्रंट डेस्कवरचा नाइट ऑडिटर दिवस बंद करायला बसलाय. नवी तारीख सुरू करण्याआधी तो सिस्टीममधून एक रिपोर्ट काढतो. त्यात ओळी भरपूर असतात, पण आपल्या कामाचे आकडे तीनच: विकायला किती खोल्या होत्या, त्यातल्या किती विकल्या गेल्या आणि खोल्यांच्या भाड्यापोटी किती रक्कम जमली. ‘या महिन्यात हॉटेलांची ऑक्युपन्सी (म्हणजे एकूण खोल्यांपैकी विकलेल्या खोल्यांचं प्रमाण) इतके टक्के वाढली’ ही बातमी पुढे कधीतरी छापून येते, तिचा उगम या दोन वाजताच्या रिपोर्टमध्ये असतो.

हे आकडे गोळा करणं, तपासणं आणि न आलेल्या आकड्यांचा अंदाज बांधणं हे माझं रोजचं काम आहे. इतक्या वर्षांत एक गोष्ट पक्की झाली. अंशाकडे सगळ्यांचं लक्ष असतं, छेदाकडे कुणाचंच नसतं. किती खोल्या विकल्या हे जो तो विचारतो. एकूण खोल्या किती, त्या कुणी मोजल्या, कधी मोजल्या, हे क्वचितच कुणी विचारतं. पण आकडा बिघडतो तो बहुतेक वेळा तिथेच. त्यामुळे खालच्या सगळ्या पायऱ्यांत मी छेदाकडे वारंवार परत येणार आहे.

पायरी १: तीन कच्चे आकडे आणि त्यांच्या व्याख्या

आधी हिशेब पाहून घेऊ. १२० खोल्यांचं एक हॉटेल धरा. एका रात्री ८४ खोल्या विकल्या गेल्या आणि खोल्यांचं उत्पन्न ८,४०० झालं (चलन कुठलंही धरा). ८४ भागिले १२०, म्हणजे ऑक्युपन्सी ७० टक्के. ८,४०० भागिले ८४, म्हणजे विकलेल्या खोलीमागे सरासरी दर १००. याला एडीआर म्हणतात. आणि ८,४०० भागिले १२०, म्हणजे उपलब्ध खोलीमागे उत्पन्न ७०, हा रेव्हपार. ऑक्युपन्सीला एडीआरने गुणलं तरी रेव्हपारच येतो. तसा आला नाही तर कुठेतरी चूक आहे, हा सगळ्यात सोपा ताळा.

आता समजा त्या रात्री ६ खोल्यांचे नळ गळत होते म्हणून त्या आउट ऑफ ऑर्डर होत्या. मॅनेजर म्हणतो, ‘त्या विकायला नव्हत्याच, वजा करा.’ केल्या वजा. छेद ११४ झाला, ऑक्युपन्सी ७३.७ टक्के झाली आणि रेव्हपार ७० वरून ७३.७ वर गेला. विक्रीत काहीही बदल नाही, तरी हॉटेल पाच टक्क्यांहून जास्त सुधारलेलं दिसतं. म्हणून नियम असा की थोड्या दिवसांसाठी बंद असलेली खोली उपलब्ध खोल्यांतच मोजायची. हॉटेलांच्या हिशेबाची एक सर्वमान्य पद्धत आहे, ‘युनिफॉर्म सिस्टीम ऑफ अकाउंट्स’. ती १९२६ मध्ये न्यूयॉर्कच्या हॉटेल संघटनेने पहिल्यांदा प्रसिद्ध केली आणि तेव्हापासून तिच्या सुधारित आवृत्त्या निघत आल्यात. त्या पद्धतीत खोली छेदातून बाहेर काढायची तर ती सलग सहा महिने किंवा अधिक काळ बंद असावी लागते: मोठं नूतनीकरण वगैरे. नळ गळणं त्यात बसत नाही.

विकलेल्या खोल्यांची व्याख्याही दिसते तितकी सरळ नाही. फुकट दिलेली, म्हणजे कॉम्प्लिमेंटरी खोली विकलेल्यांत धरायची नाही, पण उपलब्ध खोल्यांत ती राहते. ड्यूटी मॅनेजर झोपतो ती हाउस यूजची खोलीही विकलेली नाही. दुपारी चार तासांसाठी दिलेली आणि रात्री पुन्हा दुसऱ्याला विकलेली खोली दोनदा मोजली तर ऑक्युपन्सी शंभराच्या वर जाऊ शकते. माझ्यापुरता मी रात्रीचीच विक्री मोजते आणि दिवसाच्या वापराची रक्कम वेगळ्या रकान्यात मागवते. तुमचा नियम वेगळा असला तरी चालेल, पण तो फॉर्मवर छापलेला हवा आणि सगळ्यांना एकच हवा.

उत्पन्नाच्या बाबतीत सगळ्यात जास्त गोंधळ बुकिंग साइट्समुळे होतो. पाहुण्याने खोलीसाठी १०० मोजले. एका व्यवहारात तो पैसे हॉटेललाच देतो, हॉटेल १०० उत्पन्न दाखवतं आणि साइटचं १५ कमिशन खर्चात लिहितं. दुसऱ्या व्यवहारात साइट १०० स्वतः घेते आणि हॉटेलला ८५ पाठवते, आणि हॉटेलच्या पुस्तकात उत्पन्न म्हणून ८५ च दिसतात. पाहुणा तोच, खोली तीच, पण एडीआरमध्ये १५ चा फरक. दोन हॉटेलांची तुलना करताना एकाचा बहुतेक धंदा पहिल्या प्रकारचा आणि दुसऱ्याचा दुसऱ्या प्रकारचा असेल तर तुम्ही दरांची नाही, हिशेबाच्या सवयींची तुलना करताय. फॉर्ममध्ये हा प्रश्न स्वतंत्रपणे विचारा. कर नेहमी बाहेर ठेवायचा. भाड्यात नाश्ता धरलेला असेल तर त्याची वाजवी किंमत खाण्यापिण्याच्या उत्पन्नात वळवून उरलेली रक्कमच खोलीची म्हणायची.

सरकारी आकडेवारीत मात्र बहुधा खोलीऐवजी माणूस मोजला जातो, आणि इथे नवख्या माणसाचा हमखास गोंधळ होतो. नवरा-बायको एका खोलीत तीन रात्री राहिले. हॉटेलच्या हिशेबात त्या ३ रूम नाइट्स झाल्या. सरकारी हिशेबात आगमनं २ आणि मुक्कामाच्या रात्री ६. मुक्कामाच्या रात्रींना आगमनांनी भागलं की सरासरी मुक्काम ३ रात्री येतो. त्याच रात्रींना खाटा गुणिले दिवस या संख्येने भागलं की खाटांची ऑक्युपन्सी येते, आणि ती खोल्यांच्या ऑक्युपन्सीपेक्षा सहसा कमीच असते, कारण दोन खाटांच्या खोलीत पुष्कळदा एकटाच माणूस राहतो. दोन ठिकाणचे टक्के शेजारी ठेवण्याआधी छेदात खोल्या आहेत की खाटा, हे पाहा.

पायरी २: यादी

आकडे मागवण्याआधी कुणाकडून मागवायचे हे ठरवावं लागतं. त्यासाठी तुमच्या क्षेत्रातल्या प्रत्येक हॉटेलची यादी हवी, मग ते हॉटेल आकडे देवो अथवा न देवो. हे काम कंटाळवाणं आहे, पण सगळ्यात मोलाचं आहे. अंदाजाची सूत्रं कितीही चांगली असली तरी यादी चुकली तर सगळं चुकतं, कारण एकूण खोल्यांचा छेद यादीतूनच येतो.

जगात याचे दोन रस्ते रूढ आहेत. एक सरकारी. युरोपीय संघात २०११ चा ६९२ क्रमांकाचा नियम आहे. त्याप्रमाणे सदस्य देश निवासस्थानांची आकडेवारी जमवून युरोस्टॅटकडे, म्हणजे संघाच्या सांख्यिकी कार्यालयाकडे पाठवतात. हॉटेलं, सुट्टीतली घरं आणि कॅम्पिंगची ठिकाणं असे तीन गट वेगळे ठेवले जातात आणि सर्वसाधारणपणे १० किंवा अधिक खाटांच्या जागा तरी मोजल्याच पाहिजेत अशी अट आहे. म्हणजे त्याहून लहान जागा एखाद्या देशाच्या आकड्यांत असतील, दुसऱ्याच्या नसतीलही. कुठलीही सरकारी मालिका वापरताना ही खालची मर्यादा आधी शोधा.

दुसरा रस्ता खासगी. १९८५ मध्ये रँडी स्मिथ यांनी अमेरिकेत स्मिथ ट्रॅव्हल रिसर्च सुरू केली. पुढे ती एसटीआर या नावाने जगभर ओळखली जाऊ लागली आणि २०१९ मध्ये कोस्टार कंपनीने ती विकत घेतली. तिथला व्यवहार देवाणघेवाणीचा आहे. हॉटेल स्वतःचे आकडे गुप्ततेच्या हमीवर देतं, आणि बदल्यात त्याला प्रतिस्पर्धी हॉटेलांचा एकत्रित आकडा मिळतो. एकट्या हॉटेलला शेजाऱ्याचा धंदा कधीच कळला नसता. तो गटाच्या रूपात कळतो, म्हणून हॉटेलं मनापासून आकडे देतात. सरकारी फॉर्म कायद्याच्या धाकाने भरला जातो, हा फॉर्म स्वतःच्या गरजेपोटी. या फरकाचा परिणाम दर्जावर दिसतो.

यादीत प्रत्येक हॉटेलपुढे किमान इतकं हवं: कायमचा क्रमांक, पत्ता आणि नकाशावरचं ठिकाण, खोल्यांची संख्या, उघडल्याची तारीख, बंद झाल्याची तारीख, साखळीतलं की स्वतंत्र, आणि नावात किंवा मालकीत झालेले बदल तारखेनिशी. क्रमांक नावाशी बांधू नका, इमारतीशी बांधा. मी हे ठेच खाऊन शिकले. एका हॉटेलने साखळी बदलली, नवी पाटी लागली, आणि आमच्या यादीत ते नव्या नावाने पुन्हा आलं. जुनं नावही तसंच राहिलं. दोनशेच्या आसपास खोल्या वर्षभर दोनदा मोजल्या गेल्या आणि त्या भागाची ऑक्युपन्सी खाली दाखवली गेली. शेवटी नकाशावर दोन ठिपके एकमेकांवर बसलेले दिसले तेव्हा चूक सापडली. तेव्हापासून दर तिमाहीला मी पन्नास मीटरच्या आत असलेल्या सगळ्या नोंदींची जोडी लावून एकेक पाहते.

यादी ताजी ठेवायला एक स्रोत पुरत नाही. परवाने, पर्यटन खात्याची नोंदणी, साखळ्यांच्या वेबसाइट्स, बुकिंग साइट्स आणि बांधकाम परवानग्या एकमेकांशी ताडून पाहाव्या लागतात. परवाना घेतलेलं प्रत्येक हॉटेल सुरू झालेलं नसतं आणि बुकिंग साइटवर दिसणारं प्रत्येक हॉटेल अजून चालू असतंच असं नाही. शंका आली की सरळ फोन करावा. रिसेप्शनवरून एका मिनिटात उत्तर मिळतं: ‘हो मॅडम, चालू आहे, पण दुसरा मजला मागच्या महिन्यात ऑफिसला दिला.’ म्हणजे खोल्या बदलल्या.

भाड्याने मिळणारी घरं या यादीत कुठे बसवायची हा अलीकडचा प्रश्न आहे. मार्च २०२० मध्ये युरोपीय आयोगाने एअरबीएनबी, बुकिंग, एक्स्पीडिया ग्रुप आणि ट्रिपअॅडव्हायजर यांच्याशी करार केला आणि त्यातून अशा मुक्कामांचे आकडे युरोस्टॅटकडे यायला लागले. त्याने मोठी पोकळी भरली. पण छेदाचा प्रश्न इथे जास्त कठीण आहे. हॉटेलची खोली रोज विकायला असते. घरमालक वर्षातले काही आठवडेच घर देतो, आणि तेच घर दोन साइट्सवर असू शकतं. न विकलेली रात्र आणि मालकाने स्वतःसाठी ठेवलेली रात्र कॅलेंडरवर सारखीच दिसते. म्हणून मी घरांचे आकडे हॉटेलांत मिसळत नाही, शेजारच्या वेगळ्या तक्त्यात देते.

पायरी ३: गट पाडणं

यादी हातात आली की हॉटेलं सारख्या स्वभावाच्या गटांत वाटायची. साखळीतल्या हॉटेलांचा वर्ग ब्रँडच्या सरासरी दरावरून ठरतो, स्वतंत्र हॉटेलांचा त्यांच्या स्वतःच्या दरावरून. जागेप्रमाणेही वाटावं लागतं: शहराचा मध्य, विमानतळ, महामार्ग, सहलीचं ठिकाण. विमानतळाजवळच्या हॉटेलचा मंगळवार भरलेला असतो आणि सहलीच्या ठिकाणचा शनिवार. या दोघांना एका गटात घातलंत तर एकाच्या आकड्यावरून दुसऱ्याचा अंदाज बांधला जाईल आणि तो दोन्ही दिवशी चुकेल. गट फार बारीकही करू नका. एका गटात आकडे देणारी दोनतीनच हॉटेलं उरली तर गट पाडून काही साधलं नाही.

पायरी ४: आकडे मागवणं आणि तपासणं

मोठ्या साखळ्यांचे आकडे मुख्य कार्यालयातून एकाच फाइलमध्ये रोज येतात. स्वतंत्र हॉटेलांकडून महिन्याचा फॉर्म येतो आणि तो भरणारा माणूस बहुधा हिशेबनीस किंवा फ्रंट ऑफिसचा सुपरवायझर असतो. त्याच्यासाठी फॉर्म लहान ठेवा. वीस प्रश्न विचारलेत तर वीसही अर्धवट येतील.

आलेला आकडा तसाच पुढे जाऊ द्यायचा नाही. माझ्या तपासण्या ठरलेल्या आहेत. विकलेल्या खोल्या उपलब्ध खोल्यांपेक्षा जास्त आहेत का? खोल्या विकल्या पण उत्पन्न शून्य आहे का? मागच्या महिन्याचा आकडा जसाच्या तसा पुन्हा आलाय का? रोजच्या आकड्यांची बेरीज महिन्याच्या आकड्याशी जुळते का? उपलब्ध रूम नाइट्सना महिन्याच्या दिवसांनी भागलं की खोल्यांची संख्या पूर्णांकात येते का? ही शेवटची तपासणी मला फार आवडते. ८० खोल्यांच्या हॉटेलने ३० दिवसांच्या महिन्याला २,४८० लिहिलं की कळतं, मागच्या ३१ दिवसांच्या महिन्याचा आकडा उचललाय.

एडीआर मागच्या महिन्याच्या दहापट आला तर दशांशाच्या टिंबाची चूक. पण दीडपट आला तर? तिथे सूत्र थांबतं आणि फोन सुरू होतो. कदाचित शेजारी मोठं प्रदर्शन भरलं असेल आणि आकडा खराच असेल. त्याच गटातल्या इतर हॉटेलांचे दर त्याच तारखांना चढलेत का, ते आधी बघायचं. सगळ्यांचे चढले असतील तर फोनचीही गरज नाही. विचित्र दिसतो म्हणून खरा आकडा कापून टाकणं ही चुकीचा आकडा ठेवण्याइतकीच मोठी चूक आहे.

पाहुणा कुठला, हा सरकारी फॉर्मवरचा रकाना वेगळा लक्ष देण्यासारखा आहे. आंतरराष्ट्रीय पद्धतीप्रमाणे पाहुण्याचा राहण्याचा देश लिहायचा, नागरिकत्व नाही. पण काउंटरवर समोर पासपोर्ट असतो, म्हणून पासपोर्टचाच देश लिहिला जातो. परदेशात स्थायिक झालेला माणूस मायदेशी हॉटेलात उतरला की तो देशी पाहुणा म्हणून मोजला जातो, नियमाप्रमाणे तो परदेशी आहे. फॉर्मच्या वर ठळक अक्षरांत ‘सध्या राहतात तो देश’ असं लिहिलं तर ही चूक पुष्कळ कमी होते.

पायरी ५: जे कळवत नाहीत त्यांचं काय

इथे खरा अंदाज सुरू होतो, म्हणून उदाहरण पूर्ण करून बघू. एका शहरात यादीप्रमाणे ४० हॉटेलं आणि ४,००० खोल्या आहेत. एकाच रात्रीचा हिशेब करू.

वरच्या दर्जाची १० हॉटेलं, २,००० खोल्या. यातल्या १,८०० खोल्यांचे आकडे आले: विकल्या १,३५०, उत्पन्न २,०२,५००. ऑक्युपन्सी ७५ टक्के, एडीआर १५०.

मधल्या दर्जाची १५ हॉटेलं, १,२०० खोल्या. आकडे ७०० खोल्यांचे: विकल्या ४५५, उत्पन्न ३६,४००. ऑक्युपन्सी ६५ टक्के, एडीआर ८०.

लहान, स्वस्त १५ हॉटेलं, ८०० खोल्या. आकडे फक्त २०० खोल्यांचे: विकल्या ९०, उत्पन्न ३,६००. ऑक्युपन्सी ४५ टक्के, एडीआर ४०.

घाईत असलेला माणूस आलेल्या आकड्यांची थेट बेरीज करतो. २,७०० खोल्यांपैकी १,८९५ विकल्या, म्हणजे ७०.२ टक्के. उत्पन्न २,४२,५००, म्हणजे रेव्हपार ८९.८. हा आकडा छापला गेला तर तो शहराचा नाही, फॉर्म पाठवणाऱ्यांचा आहे. त्यात वरच्या दर्जाच्या खोल्या दोन तृतीयांश आहेत, शहरात त्या निम्म्याच आहेत.

बरोबर रीत अशी की प्रत्येक गटाचा आकडा त्या गटाच्या यादीतल्या पूर्ण खोल्यांवर पसरवायचा आणि मग बेरीज करायची. वरचा गट: २,००० खोल्यांचे ७५ टक्के, म्हणजे १,५०० विकल्या, उत्पन्न २,२५,०००. मधला: ७८० आणि ६२,४००. लहान: ३६० आणि १४,४००. एकूण विकल्या २,६४०, उत्पन्न ३,०१,८००. आता ऑक्युपन्सी ६६ टक्के, एडीआर ११४.३ आणि रेव्हपार ७५.५. पहिला रेव्हपार १९ टक्क्यांनी फुगलेला होता. आणि गटांच्या टक्क्यांची साधी सरासरी काढली असती तर ऑक्युपन्सी ६१.७ आली असती. तीही चूकच, कारण ८०० खोल्या आणि २,००० खोल्या सारख्या वजनाच्या नाहीत. हाच नियम महिन्यांनाही लागू आहे. वर्षाचा एडीआर बारा महिन्यांच्या एडीआरची सरासरी नसतो. वर्षाचं उत्पन्न भागिले वर्षात विकलेल्या रूम नाइट्स, एवढंच.

वरच्या हिशेबाचा दुबळा भाग कुठे आहे ते झाकायचं नाही. लहान गटात चौथा हिस्सा खोल्यांवरून सगळ्या गटाचं भाकीत केलंय. शिवाय जी लहान हॉटेलं फॉर्म भरतात ती बहुधा नीट चालवलेली असतात. त्यांच्याकडे सिस्टीम असते, हिशेब ठेवणारा माणूस असतो. न भरणाऱ्यांची अवस्था याहून वाईट असण्याची शक्यता जास्त, म्हणजे ४५ टक्के हा आकडाही वरच्या बाजूला झुकलेला असणार. यावर उपाय म्हणून मी दर वर्षी न कळवणाऱ्यांतली काही हॉटेलं चिठ्ठ्या टाकून निवडते आणि स्वतः जाऊन एक महिन्याचं रजिस्टर बघायची परवानगी मागते. सगळे देत नाहीत. जे देतात त्यांच्यावरून कल किती आहे ते कळतं.

एखादं हॉटेल नेहमी कळवतं आणि याच महिन्यात चुकलं असेल, तर गटाची सरासरी त्याला चिकटवण्यापेक्षा त्याचा स्वतःचा इतिहास जास्त उपयोगी पडतो. मागच्या महिन्यात ते ६० टक्क्यांवर होतं. त्याच्या गटातली बाकीची हॉटेलं ५० वरून ४५ वर आली, म्हणजे ०.९ पट. तर याचा अंदाज ५४ टक्के. गट कुठे चाललाय हेही त्यात आलं आणि हे हॉटेल गटापेक्षा नेहमी थोडं वर असतं हेही सुटलं नाही. कधीच न कळवणाऱ्या हॉटेलसाठी मात्र त्याच्यासारखी हॉटेलं शोधावी लागतात: तोच भाग, तेवढ्याच खोल्या, तोच दर्जा. दरासाठी बुकिंग साइटवरचा आकडा उचलण्याचा मोह होतो. तो मागितलेला दर आहे, मिळालेला नाही. कंपन्यांना ठरवून दिलेले दर, गटांचे दर आणि लांब मुक्कामाची सूट त्यात दिसत नाही. दर वर चाललेत की खाली, एवढ्यापुरताच तो वापरा.

जिथे खोलीभाड्यावर कर लागतो तिथे एक सुंदर ताळा मिळतो. जमा झालेल्या करावरून एकूण उत्पन्न मागे काढता येतं आणि ते तुमच्या अंदाजाशेजारी ठेवता येतं. सवलती, सूट मिळालेले पाहुणे आणि उशिरा भरलेला कर यांमुळे दोन्ही आकडे तंतोतंत जुळणार नाहीत. पण फरक दर महिन्याला साधारण तेवढाच राहायला हवा. तो अचानक बदलला की काहीतरी बिघडलंय, आणि बहुतेक वेळा यादीतच.

पायरी ६: मागच्या वर्षाशी तुलना

वाढ मोजताना दोन सापळे आहेत. पहिला नमुन्याचा. या वर्षी एका महागड्या हॉटेलने नव्याने आकडे द्यायला सुरुवात केली तर नुसत्या आलेल्या आकड्यांत एडीआर वाढलेला दिसेल, शहरात एकाही खोलीचा दर न वाढता. म्हणून दोन्ही वर्षी कळवणाऱ्या हॉटेलांची वाढ वेगळी काढा, आणि पूर्ण यादीवर पसरवलेल्या आकड्याची वाढ वेगळी. दोन्हींत मोठा फरक दिसला तर नवी हॉटेलं उघडलीत का ते बघा. जुन्यांचा धंदा आणि बाजाराचा धंदा या तेव्हा खरोखरच दोन वेगळ्या गोष्टी असतात.

दुसरा सापळा कॅलेंडरचा. मार्च २०२३ मध्ये बुधवार, गुरुवार आणि शुक्रवार पाच-पाच होते. मार्च २०२४ मध्ये शुक्रवार, शनिवार आणि रविवार पाच-पाच. सहलीच्या ठिकाणच्या हॉटेलला २०२४ चा मार्च आपोआप बरा गेला, व्यापारी भागातल्या हॉटेलला वाईट, आणि त्यात दोघांचंही कर्तृत्व किंवा दोष नाही. त्यात भर म्हणजे ईस्टरचा रविवार २०२३ मध्ये ९ एप्रिलला होता आणि २०२४ मध्ये ३१ मार्चला. रमजान दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. म्हणून रोजचे आकडे असतील तर तारखेशी तारीख न जुळवता वाराशी वार जुळवा, आणि सरकणाऱ्या सणांचे आठवडे बाजूला काढून दाखवा. महिन्याचेच आकडे असतील तर लगतचे दोन महिने एकत्र करून तुलना करा. ईस्टरचं सरकणं मार्च-एप्रिलच्या जोडीत बरंचसं मिटतं.

पायरी ७: बंद हॉटेलं

२०२० मध्ये छेदाचा हा प्रश्न जगभर एकाच वेळी उभा राहिला. एप्रिल २०२० मध्ये अमेरिकेतल्या हॉटेलांची ऑक्युपन्सी एसटीआरच्या आकड्यांनुसार २४.५ टक्क्यांवर आली. पण हा टक्का चालू हॉटेलांचा होता. एखादी खोली नाही तर अख्खं हॉटेलच तात्पुरतं कुलूपबंद झालं, तर एसटीआरच्या नेहमीच्या पद्धतीत ते छेदातून बाहेर पडत होतं. याचा विचित्र परिणाम असा की सगळ्यात वाईट स्थितीतली हॉटेलं बंद झाली की उरलेल्यांची ऑक्युपन्सी सुधारलेली दिसते. म्हणून एसटीआरने त्या वर्षी दुसरी पद्धतही सुरू केली. तिच्यात तात्पुरत्या बंद हॉटेलांच्या खोल्याही एकूण साठ्यात धरल्या.

दोन्ही आकडे खरे आहेत, प्रश्न वेगळे आहेत. चालू हॉटेल कसं चाललंय हे हवं असेल तर पहिला घ्या. बाजाराची मागणी किती सावरली हे हवं असेल तर दुसरा. हंगामी ठिकाणी दर वर्षी हाच प्रश्न छोट्या रूपात येतो, म्हणून तिथल्या तक्त्यात मी चालू खोल्या आणि एकूण खोल्या असे दोन रकाने ठेवते.

पायरी ८: आकडे परत देताना

हॉटेलला परत जातो तो निर्देशांक: हॉटेलचा आकडा भागिले त्याच्या स्पर्धक हॉटेलांच्या गटाचा आकडा, गुणिले शंभर. त्याची ऑक्युपन्सी ७० आणि स्पर्धक गटाची ६६, तर निर्देशांक १०६.१. दर १०० विरुद्ध ११०, म्हणजे ९०.९. रेव्हपार ७० विरुद्ध ७२.६, म्हणजे ९६.४. शंभर म्हणजे वाट्याला जितकं यायला हवं तितकं आलं. हे हॉटेल खोल्या भरतंय पण दर पाडून, आणि शेवटी हिशेबात मागे पडतंय. एवढं निदान तीन आकड्यांतून होतं.

स्पर्धक गट कुणी निवडायचा? हॉटेल स्वतः निवडतं आणि साहजिकच स्वतः चांगलं दिसेल असा निवडायचा मोह होतो. म्हणून गट वारंवार बदलू देऊ नका, आणि बदलला तर मागचे निर्देशांकही नव्या गटाने पुन्हा काढा.

गुप्ततेचा नियम मोडला तर सगळा डोलारा कोसळतो. गटात दोनच स्पर्धक असतील आणि त्यातल्या एकाचा आकडा कसाही करून कळला तर वजाबाकीने दुसऱ्याचा कळतो. तीन असूनही एकाकडेच बहुतांश खोल्या असतील तर एकत्रित आकडा हा जवळजवळ त्याचाच आकडा. म्हणून किमान किती हॉटेलं आणि एकाचा जास्तीत जास्त किती वाटा, या दोन्ही मर्यादा आधीच लिहून ठेवाव्या लागतात. आणखी एक पळवाट बंद करायची: एकाच हॉटेलचा फरक असलेले दोन गट मागून त्यांची वजाबाकी करणं. अशी मागणी आली की नम्रपणे नाही म्हणायचं.

पायरी ९: छापणं आणि दुरुस्त करणं

तक्त्याखाली चार ओळी हव्यातच: यादीत एकूण किती खोल्या, त्यातल्या किती खोल्यांचे आकडे प्रत्यक्ष आले, गटवार हे प्रमाण किती, आणि आकडा प्राथमिक आहे की सुधारित. वरच्या उदाहरणात एकूण ६७.५ टक्के खोल्यांचे आकडे आले असं म्हणणं खरं आहे, पण लहान गटात २५ टक्केच आले हे त्याच तक्त्यात दिसलं पाहिजे.

उशिरा आलेले फॉर्म फेकू नका. मी दर महिन्याचा आकडा प्राथमिक म्हणून देते, मग तीन महिने येतील ते फॉर्म घेते, आणि चौथ्या महिन्यात अंदाज काढून टाकून त्या जागी खरे आकडे बसवते. अंदाज आणि खरा आकडा यांतला फरक एका वहीत गटवार लिहून ठेवते. लहान गटाचा अंदाज सलग काही महिने वरच निघाला तर पुढच्या महिन्याच्या सूत्रात तेवढी घट करून घेते, आणि त्या गटातली न कळवणारी हॉटेलं पुन्हा एकदा यादीतून शोधून त्यांना फोन लावायला बसते.